पाचोळा जाळणं बंद करा!

रोज सकाळी आमच्या पालिकेच्या बागेत पाचोळ्याचे ढीग पेटवतात आणि फिरायला आलेली म्हातारी माणसं त्या धुरात खोकत फेऱ्या मारतात. संताप होतो नुसता! २०१६ च्या घनकचरा नियमांतच स्पष्ट लिहिलं होतं की बागेतला पालापाचोळा शक्यतो बागेतच जिरवायचा. उघड्यावर जाळायला तर मनाईच आहे. कोपऱ्यात खताचा खड्डा करायला जागा आहे, माळी आहेत. तरी काडी लावायची. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, ‘लोकांना बाग स्वच्छ लागते.’

अहो, सातभाई पक्षी तो पाचोळा उलथूनच किडे खातात! खराट्याने जमीन पार खरवडून काढल्यावर त्यांनी खायचं काय? कुंपणालगतची रुई तण म्हणून उपटली. प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या त्याच पानांवर वाढायच्या. ब्लू मॉरमॉनला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिला, पण त्याच्या अळ्यांना लागणारं लिंबाच्या जातीचं एक झाड या बागेत लावायला कुणी तयार नाही. सगळीकडे शोभेचा डुरांटा आणि लॉन. भर उन्हाळ्यात आमच्याकडे टँकर येतात, तरी लॉनवर पाइप सोडलेला असतो. वाळकी फांदी वाटेवर लोंबत असेल तर जरूर तोडा, कुणाच्या डोक्यात पडायला नको. पण मागच्या बाजूला जिथे कुणी फिरकत नाही तिथलीही कशाला? तांबट पक्षी तसल्याच फांदीत ढोली कोरतो.

आणि हे सगळं माणसांसाठी चाललंय म्हणावं, तर दुपारी फाटकाला कुलूप! धुणीभांडी करणाऱ्या बायका, डिलिव्हरीची पोरं, ज्यांना त्या वेळी घटकाभर सावली हवी असते, ती बाहेर फुटपाथवर बसतात. आत वडाखाली एवढी गार सावली, तिथे कुणी नाही. रात्री मात्र त्याच वडावर एलईडीच्या माळा लखलखतात. पाखरांनी झोपायचं कधी?

त्या वडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक आणि सिमेंट भरलंय. पावसाचं पाणी मुळांना मिळतच नाही, थेट गटारात जातं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्येच दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला लावलं होतं. सुशोभीकरणाचं पुढचं टेंडर निघण्याआधी, या पावसाळ्याच्या आत, आमच्या वडाभोवतीचं सिमेंट फोडा.