कोंबडं झाकून बघितलं

परवा पहाटे साडेतीनला गेटची कडी वाजली. लातुरात अशा वेळी कडी वाजली की कुणीतरी गेलेलं असतं नाहीतर नळाला पाणी आलेलं असतं. बाहेर शेजारच्या होस्टेलचे मालक, अंगात बनियन, कानाला मफलर, हातात बॅटरी.

"सर, तुमचं कोंबडं ओरडायलंय."

माझ्याकडं कोंबडं नाहीच हो, असं म्हणायला तोंड उघडलं आणि परसातून ते आरवलं.

खरं सांगायचं तर बाजारातल्या मावशीनं पाचही तलंगाच हैत म्हणून लेकराची शपथ घेतली होती. पिल्लात ओळखू येत नाही हे मान्य, पण तुरा लालभडक झाला, शेपटीला बाक आला तरी मी आपला तिला शेवंताच म्हणायलो, हा गाढवपणा माझा.

"इथं नीटची पोरं हैत सर. 720 मार्काचा पेपर. एका मार्कानं पोरगं कुठल्या कुठं जातंय."

"पण तुमची पोरं चारला उठतातच की, बोर्डावर लिहिलंय तुमच्या."

"चारला उठतात. हे साडेतीनला उठवायलंय. मधल्या अर्ध्या तासाचं काय?"

"मग मी काय करू?"

"त्याला चारची सवय लावा." माणूस अजिबात हसला नाही. "आणि रविवारी टेस्ट असते, शनिवारी रात्री तर नकोच." मी मान डोलावली, जसं काही सकाळी शेवंताला समोर बसवून टाइमटेबल देणार होतो.

मग त्यांनी खुराड्यात बॅटरी मारली. "दोन किलो भरंल का हो?"

"विकायचं नाही."

"तसं नाही, सहज विचारायलो." जरा थांबून, "2021 ला परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूनं कोंबड्या मेल्या, ध्यानात आहे ना? महापालिकेत कुणी कळवलं तर तुम्हालाच त्रास." आणि त्याच दमात, "अंडी गावरानच ना? सहा-सात द्या की, मिसेसला डॉक्टरनी सांगितलंय."

मी दिली! ट्रेसकट. झोपेत माणूस काहीही करतो.

दुसऱ्या रात्री डालगं पालथं घातलं, वर गोणपाट, त्याच्यावर जुनी सतरंजी. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, पण झाकलेलं कोंबडं गप बसतं की नाही ते कुणीच सांगून ठेवलं नाही. नाही बसत. साडेतीनला आतून आरवलं, रांजणात तोंड घालून हाक मारल्यासारखं. मग मोबाईलवर वाचलं की जपानच्या नागोया विद्यापीठातल्या लोकांनी 2013 मध्येच दाखवलंय, कोंबडं उजेड बघून आरवत नाही, त्याच्या अंगातच घड्याळ असतं, चोवीस तास मंद उजेडात कोंडलं तरी ते पहाटेच्या आधी सुरू होतं. म्हणजे सतरंजी धुवायला पडली ती फुकटच.

आणि आवाजाचंच म्हणाल तर, ह्याच गृहस्थांनी गेल्या उन्हाळ्यात होस्टेलसाठी बोअर मारला तेव्हा मशीन दोन रात्री चाललं, सातशे फूट, पाणी लागलं नाही ते सोडा, त्याची पांढरी धूळ माझ्या वाळवणावर, कूलरच्या जाळीत, अंथरुणात. मी कडी वाजवली का कुणाची? गणपतीत डीजेनं खिडक्या थरथरतात तेव्हा नीटची पोरं काय कान काढून ठेवतात? कोंबड्याचा मालक तेवढा एकटा सापडतो, कारण त्याला मंडळ नाही.

काल संध्याकाळी भिंतीवरून एक पोरगं डोकावलं. उदगीरकडचं असावं, मिसरूड फुटायलेली. "सर, कापू नका हं त्याला, मेपर्यंत तरी."

"का रे?"

"मोबाईल जमा करून घेतलेत आमचे. अलार्म नाही. आम्ही चौघं त्याच्यावरच उठतो."

"अरे मग सांग की तुमच्या मालकाला."

"नको सर, तेही त्याच्यावरच उठतात. मोटर चालू करायला."

अंड्यांचा ट्रे अजून आलेला नाही.