टाकी आडवी करून गॅस काढा म्हणणाऱ्यांना

गेले काही दिवस एक लांबलचक मेसेज फिरतोय. भिशीच्या ग्रुपवर तो, तालमीच्या ग्रुपवर तो, अपार्टमेंटच्या ग्रुपवरही तोच. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: गॅस संपला असं समजू नका, कंपनी टाकीत मुद्दाम दोन किलो गॅस शिल्लक ठेवते. टाकी आडवी करा, बुडाखाली वीट द्या, म्हणजे राहिलेला गॅस तोंडाशी येतो. नाहीतर टाकी टबात ठेवून उकळतं पाणी ओता. टाकीवरच्या आकड्याची तारीख उलटली असेल तर ती कधीही फुटेल. संपत आल्यावर वास येतो, त्याला घाबरू नका. गळतीची शंका आली तर पेटती उदबत्ती फिरवून बघा. घरात गॅस भरलाच तर पहिल्यांदा एक्झॉस्ट फॅन लावा. शेवटी ओल्या फडक्याने टाकीतला गॅस किती ते ओळखायची युक्ती, आणि 'सर्व माता-भगिनींपर्यंत पोचवा'.

हा मेसेज कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहणाऱ्या माझ्या मावशीपर्यंत पोचला. मावशी डबे करून देते, दिवसभर तिच्या दोन शेगड्या चालू असतात. मी गेलो तेव्हा टाकी फरशीवर आडवी, बुडाखाली वीट, शेगडीवर रश्श्याचं पातेलं आणि मावशी शेजारी बसून कांदा चिरत होती. ज्योत मधूनच भसकन वर येत होती, पिवळी. मी कॉक बंद केला तर मलाच म्हणाली, "सगळी करत्यात की रं. काय हुतंय त्याला?"

काय होतं ते सांगतो. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत मेंटेनन्सला आहे. लॅडल, म्हणजे वितळलेला धातू ओतायचं भांडं, तापवायला आम्ही एलपीजीच वापरतो, त्यामुळे हा पदार्थ रोजच्या हातातला आहे.

विटेचा मुद्दा आधी घेतो, कारण माणूस मारणारा मुद्दा तोच आहे.

टाकीत गॅस पातळ, म्हणजे द्रव रूपात असतो. प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं ते मिश्रण. टाकी उभी असताना द्रव खाली बसतो, वर थोडी जागा मोकळी असते आणि तिथे वाफ साठते. व्हॉल्व्ह वर असतो तो त्यासाठीच, त्यातून फक्त वाफ बाहेर यावी म्हणून. रेग्युलेटर या वाफेचा दाब उतरवतो. टाकीत दर चौरस सेंटिमीटरला काही किलो दाब असतो, शेगडीकडे जाताना तो सुमारे ३० ग्रॅमवर येतो. रेग्युलेटर, नळी, बर्नरचं बारीक भोक हे सगळं या वाफेच्या हिशेबाने बनवलेलं असतं.

बुडाखाली वीट दिलीत की द्रव तोंडाशी येतो. मेसेजवाल्याला हेच तर हवंय आणि हेच होऊ द्यायचं नाही. एक लिटर द्रवाची साधारण २५० लिटर वाफ होते. ते फुगणं आता टाकीत होत नाही, रेग्युलेटरच्या पुढे, रबरी नळीत आणि बर्नरमध्ये होतं. मावशीची ज्योत भसाभस वर येत होती ती त्यामुळे. एखादा मोठा घोट आला की ती ज्योत भांड्याच्या कडेने बाहेर येते, पदराला लागते, मांडणीला लागते. नळी जुनी असेल तर सांध्यातून द्रव बाहेर उडतो. तो अंगावर आला तर कातडी थंडीने जळते आणि जमिनीवर सांडला तर क्षणात त्याचा ढग होतो.

यातलं अर्धसत्य मान्य करायला हवं, नाहीतर लोक म्हणणार 'आम्ही केलं, काही झालं नाही'. जवळजवळ रिकामी टाकी विटेशिवाय सपाट आडवी केली तर थोडासा उरलेला द्रव व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही. तो लांबट पसरतो, पृष्ठभाग वाढतो, वाफ जरा जास्त होते आणि ज्योत थोडा वेळ सुधारते. हे खरं आहे. पण टाकी जवळजवळ रिकामी आहे हे तुम्ही ठरवलंत कशावरून? ज्योत बारीक झाली म्हणून. ज्योत बर्नर तुंबल्याने बारीक होते, रेग्युलेटर खराब झाल्याने होते, नळी मुडपल्यानेही होते. अशा वेळी टाकीत निम्म्याहून जास्त गॅस असू शकतो, आणि मग आडवी करताक्षणी व्हॉल्व्ह द्रवात बुडतो. विटेचीही गरज राहत नाही.

यावर कुणाला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. केंद्र सरकारचे गॅस सिलिंडर नियम, २०१६ आहेत. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसोचं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचं, मुख्यालय नागपुरात आहे, आपल्याच राज्यात. त्या नियमांत सिलिंडर हाताळण्याबद्दल स्पष्ट लिहिलंय की एलपीजीचा सिलिंडर नेहमी उभाच ठेवायचा आणि धक्का लागून पडणार नाही असा ठेवायचा. सिलिंडर घसरवत नेणं, आपटणं, त्याच्याशी खेळणं यालाही बंदी आहे. साठवायचा तो थंड, कोरड्या, हवेशीर जागी, आगीपासून आणि उष्णतेपासून लांब. मेसेजमधल्या दोन मोठ्या युक्त्या या एवढ्या ओळींनीच निकालात निघतात.

आता ते दोन किलो. कंपनी मुद्दाम ठेवते म्हणे. याची खातरजमा करायला ना इंजिनिअर लागतो ना ग्रुप. प्रत्येक टाकीच्या गळ्यापाशी पत्र्यावर रिकाम्या टाकीचं वजन खोदलेलं असतं, बहुतेक १५-१६ किलोच्या आसपास. घरगुती भरलेल्या टाकीत त्यावर १४.२ किलो गॅस असतो. संपलेली टाकी काट्यावर ठेवा आणि खोदलेल्या आकड्याशी ताडून बघा. मावशीची ती टाकी आम्ही गल्लीच्या तोंडाच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. खोदलेल्या आकड्याहून काटा किंचित वर होता, दोन किलो कुठेच नव्हते. भरलेली टाकी घेतानाही वजन करून मागायचा तुमचा हक्क आहे, गाडीवाल्याकडे काटा असायला हवा. गॅस कमी भरलाय अशी शंका असेल तर भांडायची जागा तिथे आहे, दारात, सील तोडण्याआधी. संपलेली टाकी उलटीपालटी करून ते वजन भरून निघत नाही.

आणि समजा खरोखर दोन किलो उरले. आठ बाय दहाचं, नऊ फूट उंचीचं स्वयंपाकघर धरा. एलपीजी हवेत सुमारे दोन टक्के झाला की पेट घेऊ शकतो. हिशेब केला तर एवढी सगळी खोली पेटण्याजोगी व्हायला एक किलोही गॅस लागत नाही. तोही सगळीकडे सारखा पसरला तर. प्रत्यक्षात हा गॅस हवेपेक्षा दीडपट-दुप्पट जड आहे, तो खाली साचतो, त्यामुळे त्याहून बराच कमी पुरतो. हे वाचून तरी वीट काढा.

उकळत्या पाण्याबद्दल. थंडीत गॅस कमी येतो हे खरंय. द्रवाची वाफ व्हायला उष्णता लागते, ती टाकीच्या पत्र्यातून येते. मोठी शेगडी सलग चालवली की टाकी गार पडते, बाहेरून पाणी सुटतं, कधी दहिवरही धरतं. आमच्या कारखान्यातही उष्णता देतातच, पण ती टाकीला देत नाहीत. द्रव व्हेपोरायझर नावाच्या वेगळ्या भांड्यात आणतात. तिथलं पाणी किती तापावं हे थर्मोस्टॅट ठरवतो आणि दाब वाढला तर तो सोडणारा व्हॉल्व्ह असतो. तुमच्या टबाला यातलं काय आहे? घरगुती टाकी ६५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या वाफेचा दाब धरून बनवतात, आणि उकळतं पाणी म्हणजे १०० अंशाच्या जवळ. कोमट पाण्याने टाकी लगेच फुटते असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण एकदा पाण्याची सवय लागली की कोमटाचं उकळतं होतं, रिकाम्या टाकीची भरलेली होते. हॉटेलांच्या मागच्या बाजूला टाकीखाली चक्क जाळ धरलेला मी पाहिलाय. मोठा स्वयंपाक असेल तर दोन टाक्या आलटून पालटून वापरा, गार पडलेली उभीच राहू द्या, ती आपोआप हवेच्या तापमानाला येते. आपल्याकडच्या थंडीत ब्यूटेनसुद्धा वाफ व्हायचा थांबत नाही. तो उणे अर्ध्या अंशाला उकळतो, आणि कोल्हापूर काही शून्याखाली जात नाही.

टाकीवरची तारीख. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही भाग, पुढचा आकडा वर्षाचा. बी-२७ म्हणजे एप्रिल ते जून २०२७. त्या मुदतीपर्यंत टाकीची पुन्हा दाबाची तपासणी व्हायला हवी, एवढाच त्याचा अर्थ. मुदत उलटलेली टाकी दारात आली तर घेऊ नका, परत पाठवा, इथपर्यंत मेसेज बरोबर. तारखेच्या दुसऱ्या दिवशी ती बाँब होते, हे उगाच घाबरवणं आहे.

ओल्या फडक्याची युक्ती खरी आहे. टाकी पुसली की द्रव असलेला भाग जास्त वेळ ओला राहतो आणि वरचा आधी सुकतो. खुशाल करा.

वासाचा मुद्दा मात्र अर्धाच खरा आहे आणि म्हणून जास्त वाईट. एलपीजीला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मरकॅप्टन घालतात. ते गॅसपेक्षा सावकाश उडतं, त्यामुळे टाकी संपत येताना त्याचं प्रमाण वाढतं आणि वास उग्र येऊ शकतो. पण हा वास शेगडी पेटलेली असताना, जरासा येतो. शेगडी बंद आहे आणि वास येतोय तर तो गळतीचाच धरायचा, टाकी भरलेली असो की संपत आलेली. 'घाबरू नका' हे वाक्य वाचून कुणी तो वास घेत रात्रभर झोपलं तर त्याला जबाबदार कोण?

आता एक्झॉस्ट फॅन. हा सल्ला वाचून माझं डोकं फिरलं, कारण ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. गॅस भरलाय, मग बाहेर काढा. पण पंखा असतो छताजवळ आणि गॅस असतो घोट्याएवढ्या उंचीवर. आणि बटण दाबताना आत ठिणगी पडते. एलपीजी पेटायला लागणारी ठिणगी इतकी बारीक असते की ती तुम्हाला दिसणारही नाही. दिवा लावायचा नाही, तसाच चालू असलेला बंदही करायचा नाही, ठिणगी दोन्ही वेळा पडते. फ्रिजचा कॉम्प्रेसर खाली असतो, त्याचा रिले, म्हणजे आतलं बटणच, आपला आपण चालू-बंद होत असतो. म्हणून घरात थांबायचंच नाही.

पेठेतल्या जुन्या घरांत आणखी एक धोका आहे. स्वयंपाकघराला लागून मोरी, मोरीच्या पलीकडे न्हाणी आणि न्हाणीत पेटलेला बंब. जड गॅस उंबऱ्यावरून, मोरीच्या उतारावरून पाण्यासारखा तिकडे जातो. गळती इथे आणि भडका तिथे. देवघरातली समई जमिनीवर असते, तीही लक्षात ठेवा.

शहरात काही भागांत आता पाइपचा गॅस आलाय. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर जातो. म्हणून कुणी म्हणेल आमच्याकडे पंखा चालेल. नाही चालणार, बटणातली ठिणगी तिथेही तीच.

वास आला तर असं करा. शेगडीचे कॉक बंद, रेग्युलेटर बंद. जमलं तर रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावा. दारं-खिडक्या सताड उघडा, पोरं-म्हातारी माणसं बाहेर काढा. जळती समई-उदबत्ती विझवायची ती गॅस तिथवर पोचला नसेल तरच, नाहीतर सरळ बाहेर पडा. मेन स्विच घराबाहेर असेल तर तिथून लाइट घालवा, आत असेल तर हात लावू नका. फोन बाहेर जाऊन करा. १९०६ हा गळतीसाठीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, आग लागली तर १०१.

उदबत्तीने गळती शोधायच्या सल्ल्यावर जास्त लिहीत नाही. गळती शोधायला विस्तव नेतात का? साबणाचा फेस करा, रेग्युलेटरच्या सांध्यावर आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा, बुडबुडे आले की गळती. नवी टाकी जोडताना व्हॉल्व्हमधलं रबरी वॉशर जागेवर आहे का तेही बघा, बऱ्याच तक्रारी तिथल्याच असतात. नळी नारिंगी, आत तारेची जाळी असलेली, आयएसआय खुणेचीच घ्या. तिच्यावर तारीख छापलेली असते. पाच वर्षं झाली की ती बदलायची, वरून कितीही चांगली दिसत असली तरी.