तुमच्या एका स्टारला मालकाचं उत्तर

नमस्कार.

रविवारी दुपारी तुम्ही आई-वडिलांना घेऊन आमच्या हॉटेलात जेवायला आलात आणि नंतर पार्किंगवरून आम्हाला ऑनलाइन एकच स्टार दिलात. आवारातल्या चारचाकीच्या जागा भरलेल्या होत्या आणि त्यातल्या दोन गाड्यांचे मालक आमच्याकडे जेवत नव्हते. हे तुमचं म्हणणं खरं आहे. ती मंडळी टिळक स्मारकला नाटकाला गेली होती. मग तुम्ही गाडी गल्लीत लावलीत, सम-विषम तारखेची पाटी बघायची राहिली आणि मोबाइलवर पाचशेचं चलान आलं. जेवणाबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिलेला नाही, म्हणजे ते बरं झालं असावं असं धरून चालतो.

तुम्ही लिहिलंय, ‘वॉचमन नुसता बघत बसतो. बाहेरच्या गाड्यांना जॅमर लावा आणि हजार रुपये घेतल्याशिवाय सोडू नका. लंडनला खासगी कंपन्या कॅमेऱ्यावरून दंड पाठवतात. स्वतःच्या जागेला शिस्त लावता येत नाही, तर हॉटेल कशाला चालवता?’ शिवाय चलानाचे पाचशे आम्ही भरून द्यावेत, अशीही मागणी आहे.

पाचशे रुपये देणार नाही. ते चलान चुकीचं आहे असं वाटत असेल तर महाट्रॅफिक अ‍ॅपवर गाडीचा फोटो बघता येतो, तक्रार नोंदवता येते आणि तरीही पटलं नाही तर कोर्ट आहे. आता समजा, आमच्या वॉचमनने तुम्हाला हजाराची पावती फाडली असती. तुम्ही तक्रार कोणाकडे केली असतीत? माझ्याकडेच. फिर्यादी मी, न्यायाधीश मी आणि गल्ल्यावर बसलेलाही मीच. असल्या दुकानात मी स्वतः पाऊल ठेवणार नाही.

जॅमरचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये चाकाला जॅमर लावण्याची तरतूद आहे. पण ती सार्वजनिक जागेसाठी, आणि परवानगी देणार हद्दीतला गणवेशातला पोलीस अधिकारी. टोइंगचा ट्रक ठेकेदाराचा असला, तरी गाडी उचलण्याचा अधिकार ठेकेदाराचा नसतो. दंड तडजोडीने घेण्याचा अधिकार कलम २०० प्रमाणे राज्य सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्यांना आहे. या कायद्यात हॉटेलमालक कुठेच बसत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या पुण्यात नाना पेठेत दुचाकी स्वारासकट उचलल्याचा व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. अख्ख्या शहराने त्यावर तोंडसुख घेतलं, पण तिथे निदान जाब विचारायला वाहतूक शाखा होती.

मग ‘येथे गाडी लावल्यास रु. १०००’ अशी पाटी लावली तर? लावता येईल. पण करार कायद्याच्या कलम ७४ नुसार पाटीवरचा आकडा ही फक्त वरची मर्यादा. मिळणार ती वाजवी भरपाई, आणि वाजवी किती हे कोर्ट ठरवणार. नाटक बघून आलेल्या काकांवर मी दिवाणी दावा लावायचा, तारखा घ्यायच्या, वकिलाची फी द्यायची, ती कशासाठी, तर एका थाळीच्या टेबलासाठी. त्यांची गाडी अडवून पैसे काढायचे हा मधला मार्ग मला कायद्याने दिलेला नाही. त्यात ओरखडा उठला, टायर फाटला, तर ते निस्तरायचं पुन्हा मलाच.

आता लंडन. मुद्दा तुम्ही काढलात म्हणून थोडं सविस्तर सांगतो, कारण मलाही कधीकाळी तिथली व्यवस्था फार आदर्श वाटायची. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेवर जॅमर लावायला १ ऑक्टोबर २०१२ पासून बंदी आहे. त्याआधी खासगी लोक जॅमर लावून अव्वाच्या सव्वा पैसे उकळत, म्हणूनच ती आणावी लागली. आता कंपन्या पाठवतात ती सरकारी दंडाची पावती नव्हे. करार मोडल्याचं बिल असतं ते. तिथे पालिकेकडून येणारी नोटीस वेगळी, तिला कायद्याचा आधार असतो. गाडीमालकाचं नाव-पत्ता कंपनीला तिथलं सरकारी वाहन नोंदणी खातं देतं, अडीच पौंड घेऊन. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात एक गाजलेला खटला झाला. चेम्सफर्डच्या एका दुकानसंकुलात दोन तास पार्किंग फुकट होतं, एक गृहस्थ ५६ मिनिटं जास्त थांबले आणि त्यांना ८५ पौंडांचं बिल आलं. न्यायालयाने ते बिल योग्य ठरवलं. जागा फिरती राहावी यात कंपनीचा रास्त हितसंबंध आहे, असं त्याचं थोडक्यात कारण. तुमच्या बाजूचा याहून भक्कम मुद्दा मला सापडला नाही, कारण माझीही अडचण नेमकी तीच आहे.

पण पुढे काय झालं तेही बघा. तक्रारींचा इतका पाऊस पडला की २०१९ मध्ये खासगी पार्किंग कंपन्यांसाठी आचारसंहिता आणण्याचा कायदा तिथल्या संसदेला करावा लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता जाहीर झाली आणि जूनमध्ये मागे घेतली गेली, कारण कंपन्याच कोर्टात गेल्या. बिलाविरुद्धचं अपील ऐकणाऱ्या संस्था तिथे चालतात, त्याही पार्किंग कंपन्यांच्या संघटनांच्या व्यवस्थेतून. तिथे एवढी यंत्रणा असून ही गत. आपल्याकडे जॅमर घेऊन कोण उभं राहील, याचा विचार तुम्हीच करा.

मला फार विचार करावा लागला नाही, कारण तो माणूस माझ्याकडे येऊन गेला. एका एजन्सीचा प्रतिनिधी होता. कॅमेरा त्यांचा, जॅमर त्यांचा, पाट्या त्यांच्या. मला खर्च शून्य आणि वसुलीत निम्मा हिस्सा. मी विचारलं, एखाद्या महिन्यात कोणीच चुकीची गाडी लावली नाही तर तुमच्या माणसांचा पगार कशातून निघणार? तो हसला आणि म्हणाला, ‘साहेब, तसं होत नाही.’ मी त्याला चहा पाजून परत पाठवलं. ज्याचं पोट दंडावर चालतं, त्याला लोक शिस्तीत वागलेले परवडत नाहीत. पाटी मग झाडामागे जाते, अक्षरं बारीक होतात आणि सवलतीची दहा मिनिटं पाचावर येतात. त्याच्या जाळ्यात नाटकवाले सापडतील, तसे आमचे जेवणारेही सापडतील. बिल देऊन पान खायला कोपऱ्यावर गेलात आणि परत आलात तर चाकाला कुलूप! मग त्याचा एक स्टार मलाच.

पेठेतला जुना उपाय आहेच : ‘गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल.’ शेजारच्या वाड्यावर अशी पाटी आहे, आणि ती खरी करून दाखवणारे आजोबाही आहेत. मी त्या वाटेला जाणार नाही. हवा सोडलेली गाडी तिथेच बसून राहते, जागा काही मोकळी होत नाही.

पैसे आकारून बाहेरच्यांना जागा द्यावी, असंही एका गिऱ्हाइकाने सुचवलं. इमारतीच्या मंजूर नकाशात ही जागा इथे येणाऱ्यांचं पार्किंग म्हणून दाखवलेली आहे. तिच्यावर वेगळा धंदा करायची माझी इच्छा नाही.

मला माझ्या आवाराचं दार सांभाळायचा अधिकार आहे, तेवढा वापरतो. येत्या रविवारपासून फाटकाला साखळी असेल. आत येताना वॉचमन टोकन देईल, ते टेबलावर द्यायचं आणि बिलाबरोबर शिक्का मारून घ्यायचं. शिक्का नसलेल्या गाडीची अडवणूक होणार नाही. नंबर टिपून ठेवू आणि पुढच्या वेळी साखळी उघडणार नाही. नाटकवाले काका चिडतील, पण त्यांच्याशी बोलायला मी स्वतः उभा राहीन.

ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर निघताना फोन करा. फाटकाशेजारची एक जागा त्यांच्यासाठी राखून ठेवतो, पण वीस मिनिटंच. त्यानंतर ती रांगेतल्या पुढच्या गाडीला जाईल, मग ती कोणाची का असेना.