करवंदीच्या जाळीतला डबा

गेल्या महिन्यात आम्ही नऊ जण राजमाचीला गेलो होतो. आमच्या ग्रुपचा नेम आहे, उतरताना प्रत्येकाने वाटेतलं प्लास्टिक पिशवीत भरून खाली आणायचं. गडाखालच्या उधेवाडी गावातून लोणावळ्याच्या वाटेला लागलो आणि दहाएक मिनिटांत एका कोरड्या ओढ्यात, करवंदीच्या जाळीखाली एक डबा दिसला. चारी बाजूंनी कड्या लागतात तसला, अर्धा गाळात रुतलेला. कुणाचा तरी जेवणाचा डबा पडला असणार म्हणून मी तो पिशवीत टाकणारच होते, पण हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं.

मैत्रीण म्हणाली, उघडू नकोस. स्टेशनवर रोज ऐकतो ना आपण, बेवारस वस्तूला हात लावू नका. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शहरात असता तर मीही हात लावला नसता. पण झाकण पारदर्शक होतं आणि आत वही दिसत होती.

आत काय होतं ते सांगते. एक काचेची गोटी, एक परदेशी नाणं, गंजलेली सेफ्टी पिन, बोटभर पेन्सिल, साखळीत अडकवलेला धातूचा छोटा बिल्ला आणि भिजून फुगलेली वही. झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने ‘जीसी’पासून सुरू होणारा एक क्रमांक. इंग्रजीत छापलेली एक चिठ्ठीही होती: तुम्हाला हे मुद्दाम शोधून मिळालं असो वा सहज, वहीत नाव लिहा आणि डबा होता तिथे ठेवा.

हा जिओकॅश होता, म्हणजे जीपीएसवर शोधायचा लपवलेला डबा.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. १ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने जाहीर केलं की सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक आता काढून टाकत आहोत. तोवर शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आलं. ३ मे रोजी ओरेगॉनमधल्या डेव्ह अल्मर यांनी पोर्टलंडजवळच्या जंगलात एक बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा, एवढाच नियम. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. आज जगभरात असे तीस लाखांवर डबे आहेत, आणि आपल्या सह्याद्रीतही काही आहेत.

आमच्यात तिथेच वाद झाला. एक म्हणाला, डोंगरातलं प्लास्टिक म्हणजे प्लास्टिक, त्यात वही असली म्हणून काय झालं? दुसरा म्हणाला, चिठ्ठीत लिहिलंय तसं परत ठेव आणि चल. मला दोन्ही पटेना. शेवटी आम्ही दोघी मागे फिरून गावात गेलो. ज्यांच्याकडे दुपारी पिठलं-भाकरी जेवलो होतो त्या मामांना डबा दाखवला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाले, “ठेव असंल कुणाची तरी. पर वढ्यात राहायची न्हाई ती.”

ठेव. हा शब्द घरी येईपर्यंत माझ्या डोक्यातून गेला नाही. आपल्याकडे मालक समोर नसलेल्या वस्तूला दोन शब्द आहेत. एक बेवारस, दुसरा ठेव. बेवारस म्हटलं की हात झटकून मोकळं होता येतं. ठेव म्हटलं की ती ज्याच्या हातात आली त्याच्यावर काहीतरी येऊन पडतं. सापडणाऱ्यावर जबाबदारी येते, हे मला मनापासून वाटतं.

डबा घरी आणला. झाकणावरचा क्रमांक या खेळाच्या वेबसाइटवर टाकला तर पान उघडलं, पण ‘अर्काइव्ह्ड’ असा शिक्का मारलेलं. म्हणजे खेळातून कायमचा बाद. खालच्या नोंदी वाचत गेले. सुरुवातीला आनंदाने लिहिलेल्या नोंदी, मग एका पावसाळ्यानंतर ओळीने ‘सापडला नाही’, ‘सापडला नाही’. मग देखरेख करणाऱ्याची मालकाला सूचना, जाऊन बघा. उत्तर नाही. काही महिन्यांनी पान बंद. हा डबा मूळ जागी एका झाडाच्या बुंध्यात, दगडांच्या आड होता. लोणावळ्याच्या पावसाने तो उचलून ओढ्यात नेला असणार. लोक बुंध्यात हात घालून निराश होऊन परत जात होते आणि डबा थोडा खाली करवंदीत पडून होता.

मालक नोकरीसाठी काही वर्षं पुण्यात होता असं त्याच्या पानावरून कळतं. मग गेला. इथे मला थोडं कडक बोलायचंय. डोंगरात डबा ठेवणं म्हणजे देवळात नारळ ठेवून येणं नव्हे. या खेळाच्या नियमांतच आहे की ज्याने ठेवला त्याने सांभाळायचा. जमणार नसेल तर दुसऱ्या कुणाच्या नावावर करून देण्याची सोय आहे, नाहीतर जाण्याआधी स्वतः उचलून न्यायचा. आपल्याकडचे चार महिने काय असतात हे एक पावसाळा काढलेल्या माणसाला कळायला हवं. आणि कुणी नव्याने ठेवणार असेल तर हात जोडून विनंती: गडाच्या तटात, कोनाड्यात, टाक्याच्या काठी नको. शोधायला येणारा दगड हलवणार, आणि तिथला एकेक दगड आपल्याला जपायचाय.

तरीही मी तो डबा कचऱ्यात टाकू शकले नाही, त्याचं कारण ती वही.

पानं चिकटली होती. वर्तमानपत्राचे कागद मध्ये घालून, पंख्याखाली ठेवून, चार दिवसांत एकेक सोडवली. बॉलपेन आणि जेलपेनने लिहिलेलं सगळं निळ्या ढगासारखं पसरलंय, एक अक्षर लागत नाही. पण पेन्सिलने लिहिलेलं जसंच्या तसं आहे. डब्यात पेन्सिल का ठेवतात ते मला तेव्हा समजलं. बहुतेक नोंदी इंग्रजीत, तारीख आणि ‘डब्याबद्दल आभार’ एवढ्याच. आणि मधल्या एका पानावर, देवनागरीत, जरा तिरक्या अक्षरात:

“आज आईला घेऊन आलो. तिला चढ जमला.”

खाली नाव नाही. तारखेचा कोपरा फाटलाय.

ही ओळ मी प्लास्टिकच्या पिशवीतून कुठल्यातरी कचराकुंडीत घालणार होते. न उघडता. म्हणून सांगते, स्वच्छता मोहिमा करणाऱ्या सगळ्यांना सांगते: असा डबा दिसला तर आधी नीट बघा. झाकणावर क्रमांक असेल तर फोटो काढा आणि घरी येऊन शोधा. पान चालू असेल आणि डबा जागेवर असेल तर तो तिथेच राहू द्या, तो कुणाच्या तरी खेळातला आहे. पान बंद असेल तर खुशाल खाली आणा. ‘कॅश इन, ट्रॅश आउट’ नावाने डोंगर स्वच्छ करायचा उपक्रम हा खेळ खेळणारेच २००२ पासून चालवतात, त्यांची काही हरकत नसते. फक्त आणल्यावर मालकाला कळवा.

नवा डबा आणून पुन्हा तिथे ठेव, असंही एकाने सुचवलं. मी नाही म्हटलं. बंद पानाचा डबा पुन्हा ठेवला तर तो शोधायला कुणी येणार नाही आणि पुढच्या पावसात पुन्हा ओढ्यात जाईल.

बिल्ल्याची गोष्ट वेगळी. त्याला ‘ट्रॅव्हल बग’ म्हणतात, त्यावर एका किड्याचं चित्र आणि क्रमांक असतो. तो एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करतो आणि प्रत्येक टप्पा नोंदवला जातो. (त्याचा क्रमांक मी इथे देत नाही. तो हातात बिल्ला असलेल्यानेच वापरायचा असतो.) याच्या मालकाला तो डोंगराडोंगरांतून फिरवायचा होता. राजमाचीला येऊन अडकला. अल्मर यांच्या त्या पहिल्या बादलीत बीन्सचा एक डबा होता, तोही काही वर्षांनी तिथेच सापडला आणि पुढे त्याचाही ट्रॅव्हल बग झाला. मग हा तर धडधाकट बिल्ला आहे. माझा भाचा मार्चमध्ये जर्मनीला शिकायला जातोय. तिथे असे डबे भरपूर आहेत, तो एखाद्या डोंगरावरच्या डब्यात ठेवेल.

मालकाला मी निरोप पाठवलाय, अजून उत्तर नाही. डबा धुऊन ठेवलाय, त्याने मागितला तर पाठवीन. गोटी आणि नाणंही त्यातच आहे.

वही माझ्याकडे आहे. ती तिरक्या अक्षरातली ओळ तुमची असेल, किंवा आईला राजमाचीला घेऊन गेलेला कुणी तुमच्या माहितीत असेल, तर मला मेसेज करा. पान जपून ठेवलंय, आणून देईन.