उरिऊ शिगेकोने नोकरी सोडली नव्हती

'जपानी अ‍ॅडमिरलची आदर्श पत्नी' या मथळ्याचा एक फॉरवर्ड सध्या सगळीकडे फिरतोय. जपानी नौदलातल्या अ‍ॅडमिरल उरिऊ यांनी बायकोला, म्हणजे शिगेकोला, अमेरिकेत शिकायला पाठवलं, सरकारने ती परत आल्यावर तिला मानाचं पद दिलं, पण तिने संसारासाठी नोकरीवर पाणी सोडलं आणि 'म्हणूनच जपान पुढे गेला', असा त्याचा सूर. माझ्या भाचीचं यंदाच लग्न झालंय. तिच्या सासरच्या ग्रुपवर हा मजकूर खास तिला उद्देशून टाकला गेला, खाली हात जोडलेल्या चिन्हांसह. म्हणून हे लिहितोय.

नवऱ्याने पाठवलं? शिगेको १८७१ च्या डिसेंबरात योकोहामाहून जहाजात बसली तेव्हा ती ९ वर्षांची होती, आणि सोतोकिची उरिऊ जेमतेम १४ वर्षांचा मुलगा होता. पाठवणारं होतं होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटावर वस्ती वसवणारं सरकारी वसाहत खातं. अमेरिका-युरोपच्या दौऱ्यावर निघालेल्या इवाकुरा या सरकारी शिष्टमंडळाबरोबर पाच मुली दहा वर्षांसाठी पाठवायच्या ठरल्या, पण पहिल्यांदा विचारलं तेव्हा कुणी आपली मुलगी द्यायला पुढे आलं नाही. शेवटी मिळाल्या त्या यादवी युद्धात हरलेल्या शोगुनच्या, म्हणजे जुन्या लष्करी शासकाच्या, बाजूच्या घरांतल्या. शिगेकोचं नाव दिलं तिच्या भावाने, पुढे मित्सुई कंपनीत मोठा झालेल्या मासुदा ताकाशीने. उरिऊशी तिची ओळख अमेरिकेतच झाली, तो अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकत असताना. म्हणजे हा अ‍ॅडमिरल तिच्या आयुष्यात आला तो तिचं शिक्षण बरंच पुढे गेल्यावर.

आता नोकरी. संतापाचं खरं कारण हेच. शिगेको अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजात संगीत शिकून १८८१ मध्ये परतली. १८८२ च्या मार्चमध्ये तोक्योत सरकारच्या संगीत संशोधन विभागात पियानो शिकवायला लागली. लग्न झालं त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे आधी नोकरी, मग लग्न. आणि लग्नानंतर? तिने शिकवणं सुरूच ठेवलं. पुढे त्या विभागाची तोक्यो संगीत शाळा झाली, तिथेही शिकवलं, शिक्षिका घडवणाऱ्या मुलींच्या नॉर्मल स्कूलमध्येही. थांबली ती १९०२ मध्ये. बाळंतपणं, मुलं, दर्यावर जाणारा नवरा, हे सगळं सांभाळून वीस वर्षं. संगीत शिकायला जपान सरकारने १८८९ मध्ये ज्या पहिल्या विद्यार्थिनीला परदेशी पाठवलं, ती कोदा नोबु शिगेकोच्याच हाताखाली पियानो शिकली होती. ही वीस वर्षं पुसून टाकायची आणि वर तिलाच दाखला म्हणून एका नव्या सुनेसमोर धरायचं, याला खोटेपणा म्हणतात. दुसरा शब्द मला सुचत नाही.

सरकारने मानाचं पद दिलं, यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. शिगेकोला काम लवकर मिळालं. पण ते तिचं नशीब, कारण पियानो शिकवू शकणारी माणसं तेव्हा तिथे विरळाच. तिच्याबरोबर गेलेल्या त्सुदा उमेको आणि यामाकावा सुतेमात्सु १८८२ च्या नोव्हेंबरात परतल्या तेव्हा त्यांच्यासाठी कसलीच योजना तयार नव्हती. ज्या खात्याने त्यांना धाडलं होतं तेच त्या वर्षी बंद झालं होतं. हे मी मनाने सांगत नाही. उमेकोने अमेरिकेतल्या तिच्या पालक-आई अ‍ॅडलिन लॅनमन यांना लिहिलेली शेकडो पत्रं १९८४ मध्ये तोक्योच्या त्सुदा कॉलेजच्या माळ्यावर सापडली. विसरलेली जपानी भाषा, काम मिळेना म्हणून होणारी घालमेल, सगळं त्यांत आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने त्यातलं एक पत्र वाचलं असतं तरी पुरे होतं.

'अ‍ॅडमिरलची पत्नी' म्हणून तिला आधार होता, हेही अर्धवटच. लग्नाच्या वेळी उरिऊ तरुण अधिकारी होता. त्याने रशियाविरुद्ध लढलेली चेमुल्पोची नाविक लढाई १९०४ ची, बॅरन ही पदवी १९०७ ची, अ‍ॅडमिरलपद १९१२ चं. शिगेकोचं शिकवणं तोवर संपलं होतं. तो तिच्या कामाच्या आड आला नाही, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

राहिला फोटो. फॉरवर्डमध्ये डॉ. आनंदीबाई जोशींबरोबर बसलेली जपानी बाई उरिऊची पत्नी नव्हे. ती ओकामी केइ, आनंदीबाईंसारखीच पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची विद्यार्थिनी. फोटो १८८५ चा आहे, आणि तेव्हा शिगेको तोक्योत पियानो शिकवत होती.