आमचं युद्ध, परक्यांच्या फायली

‘साठ वर्षांपूर्वीची मढी उकरून काय मिळणार?’ १९६२ साली चीनकडून झालेल्या पराभवावरचा लष्कराचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल सरकारने आता तरी खुला करावा, असं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं, त्यावर मावसभावाचं हे उत्तर. असल्या चौकशांनी जवानांचं मनोधैर्य खचतं, हेही. आणि शेवटी नेहमीचं: लंडनमध्ये बसून बोलायला तुझं काय जातं?

मनोधैर्याचं आधी बघू. १९९९ साली कारगिलच्या डोंगरात घुसखोर आल्याची पहिली खबर लष्कराला स्थानिक गुराख्यांनी दिली. यंत्रणांकडे माहितीचे तुकडे होते, ते कोणी एकत्र जुळवले नव्हते. लढाई संपून तीन दिवस झाले नाहीत तोच के. सुब्रह्मण्यम समिती नेमली गेली, आणि फेब्रुवारी २०००मध्ये काही भाग गाळून तिचा अहवाल संसदेत आला. हेरगिरीतल्या चुका त्यात स्पष्ट लिहिल्या होत्या. कुठल्या पलटणीचं मनोधैर्य त्याने खचलं? मग १९६२लाच का हात लावायचा नाही?

तेव्हाची चूक तर दिल्लीतली होती. आपण पुढे पुढे चौक्या टाकत गेलो तरी चीन बळ वापरणार नाही, हे वरच्यांनी धरून चाललं होतं. गुप्तचर खात्याचाही तोच होरा. २० ऑक्टोबरला आजच्या अरुणाचलच्या सीमेवर नामका चू नदीच्या काठी चिनी तुटून पडले तेव्हा आपल्या कित्येक जवानांच्या अंगावर सुती कपडे होते. त्यानंतर हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला. २ सप्टेंबर १९६३ला यशवंतरावांनी संसदेत या अहवालाचं सार मांडताना सांगितलं, की माहिती मिळवण्याचं काम समाधानकारक नव्हतं, ती उशिरा यायची आणि मोघम असायची. आमच्या कराडच्या माणसाने हे उभं राहून सांगितलं, याचा मला आजही अभिमान आहे. अहवाल मात्र तेव्हाही बंदच राहिला, आणि २०१०मध्ये संरक्षणमंत्री अँटनी म्हणाले, त्यातला मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे.

इथे इराकचं काय झालं ते मी पाहिलं. सद्दामची शस्त्रं ४५ मिनिटांत वापरता येतील, असं सप्टेंबर २००२च्या सरकारी दस्तऐवजात छापलं होतं. ती शस्त्रं सापडलीच नाहीत. १७९ ब्रिटिश सैनिक गेले, इराकी किती गेले त्याचा धड हिशोबही नाही. चौकशी व्हावी म्हणून सैनिकांच्या आयाच रस्त्यावर उतरल्या. चौकशी समितीचे अध्यक्ष चिलकॉट यांचा अहवाल यायला २०१६ उजाडलं, शिक्षा कोणालाच झाली नाही, हे खरंच. पण तो बाहेर पडला त्या सकाळी मृतांच्या घरच्यांना आधी वाचायला बसवलं होतं. नामका चूला गेलेल्यांच्या घरी कोणी काय वाचायला दिलं?

लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये, म्हणजे सरकारी दप्तरखान्यात, मी एक दिवस घालवला. पेन लॉकरमध्ये, पेन्सिल पारदर्शक पिशवीत. दिल्लीच्या ब्रिटिश हायकमिशनने १९६२ साली लंडनला पाठवलेला पत्रव्यवहार समोर आला. गोऱ्या अधिकाऱ्यांनी आमच्या सरकारच्या गोंधळाविषयी थंडपणे केलेली टिपणं. राष्ट्रीय संरक्षण निधीत माझ्या आजीने हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या होत्या. ते युद्ध मी परक्यांच्या हस्ताक्षरात वाचत होते, आणि मला त्यांचा राग येत होता, जणू मी अजून कराडच्या वाड्यातच राहते. माझ्या पर्समध्ये त्यांच्याच देशाचा पासपोर्ट होता.

म्हणून ‘तुझं काय जातं’ हे मला लागतं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज फक्त भारतीय नागरिकाला करता येतो. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मला तिथे येता येतं, राहता येतं, मत देता येत नाही आणि हा अर्जही करता येत नाही. हा हक्क मी सोडला, मावसभावाकडे तो आहे आणि तो वापरायला तयार नाही. पत्रकार कुलदीप नय्यर यांनी याच अहवालासाठी अर्ज केला होता, २००९मध्ये तो फेटाळला गेला. पुन्हा करायला हवा. मसुदा मी लिहून पाठवते आहे, दादा. सही तुझी लागेल.