अंदाजपंचे दाहोदरसे

कुत्रं किंवा मांजर आजारी पडलं की आधी आपल्याच औषधांचा डबा उघडावा. प्राणी म्हणजे शेवटी अंगभर केस असलेला माणूसच, फक्त वजनाने कमी. अंग गरम लागतंय? पॅरासिटामॉल. मांजर लहान, म्हणून पाव गोळी. बघा, डोसाचा हिशेबसुद्धा झाला! माणसाचं यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करतं ती वाट मांजरात जवळजवळ बंदच असते, पण इतक्या खोलात कोण जातं. ५०० मिलिग्रॅमची पाव गोळीही चार किलोच्या मांजराला बाधू शकते. काही तासांत हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ताप मात्र उतरलेला असतो.

कुत्रा लंगडतोय तर आयबुप्रोफेन आहेच. जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडं बसतात. आधीपासून प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड चालू असेल तर काम आणखी लवकर होतं.

वजन करण्याच्या भानगडीत पडू नका. काट्यावर एकदा एकटं उभं राहायचं, एकदा कुत्र्याला उचलून, मग वजाबाकी. हा तिसरीतला हिशेब. त्यात थरार नाही. बाटलीवर मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम तेही वाचू नका. मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाचं पातळ औषध मांजरासाठी ०.५ मिलिग्रॅमचं मिळतं, कुत्र्यासाठी १.५ चं. कुत्र्याच्या बाटलीतून मांजराला ‘तेवढेच थेंब’ पाजले की तिप्पट डोस, तोही त्याच मापात. काटकसर म्हणतात ती हीच.

खरी मजा इन्सुलिनमध्ये. प्राण्यांसाठीचं इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, माणसांचं १०० चंही असतं, आणि सिरिंजवरच्या रेघा त्या-त्या हिशेबाने आखलेल्या. या रेघांकडे दुर्लक्ष करा, सिरिंज ती सिरिंज. ४० च्या सिरिंजमध्ये १०० चं इन्सुलिन चार युनिटच्या रेघेपर्यंत भरलंत तर आत १० युनिट जातात. मग मांजर झोकांड्या खातं, झटके येतात, आणि आपण म्हणतो, ‘साखर वाढली वाटतं!’ उलटी अदलाबदल केलीत तर चारऐवजी १.६ युनिट जातात. साखर कशी उतरत नाही म्हणून मग डॉक्टर बदलायचा. बाटली फ्रीजमध्ये ठेवायचीच असेल तर थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवा. गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं, हा भाग वेगळा.

गोचिडांचं मानेवर सोडायचं औषध कुत्र्याचं उरलंय? मांजराला लावून टाका. पाकिटावर पर्मेथ्रिन लिहिलेलं असलं की मांजर थरथरतं, पण गोचीड नक्की मरते. कुत्र्यालाच लावलं तरी ओलं असताना दोघांना कुशीत झोपू द्या. आणि लावताना केस बाजूला सारून कातडीवर नको, वरच्या केसांवरच ओता, केस चमकतात.

डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी मांजराच्या घशात ढकलली की विषय संपला. वर पाच-सहा मिलिलिटर पाणी गालाच्या कडेने, सावकाश सोडणं हे रिकामटेकड्यांचं काम. कोरडी गोळी अन्ननलिकेतच चिकटते, तिथे भाजल्यासारखी जखम होते आणि पुढे नळी आवळून अन्नच उतरत नाही.

खरेदी कुठून? जो चिठ्ठी मागत नाही, पत्ता देत नाही आणि सगळ्यात स्वस्त विकतो, तोच आपला. सील तुटलेलं, बॅच नंबर खरवडलेला, मुदतीच्या तारखेवर दुसरं लेबल? पॅकिंगला काय बघायचं!

चवीच्या औषधी गोळ्यांचा डबा टेबलावर उघडाच राहू द्या. कुत्र्याने सगळ्या फस्त केल्याच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढा, म्हणजे पहिल्या विषबाधेला मिठाच्या विषबाधेची सोबत होते. तरीही दवाखान्यात जाणं आलंच, तर रिकामं पाकीट कचऱ्यात टाकूनच निघा. गोळी किती मिलिग्रॅमची होती हे डॉक्टरांना नाडी बघून कळतं.